कुणाकडूनच न आलेलं

वाडी, ता. सोयगाव
१२ जून २०२४

सुकेशनी,

तीन वर्षांनी भावाचं अक्षर बघून दचकू नको. आई बरी हाय. तसं काही वाईट असतं तर मी दुसऱ्या कुणाला फोन करायला लावला असता. मी पत्र का लिहितो ते तुला सांगायला नको. समोर माणूस असला की माझी जीभ अडकती, आणि फोनवर तर पहिलाच शब्द निघत नाय. पलीकडचा दोनदा हॅलो म्हणतो आन् ठेवून देतो. कागदावर मी कुठंच अडकत नाय. ज्ञानेश्वरी म्हणत होती, मी करते फोन. मीच नको म्हणालो. हे माझं मला सांगायचं होतं.

रूपाचं सांगायचंय. माझी पोरगी. तू तिला अजून बघितलंच नाय. दिवाळीत दीड वर्षाची होईल. हसती लई गोड, आईचा आवाज वळखती, पण बसत नाय. बसवलं की एका अंगाला कलती. उजव्या हाताची मूठ सुटत नाय.

मागच्या महिन्यात संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात तिला मशीनमधी घालून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणले, मेंदूचे दोन भाग असतात, त्यांना जोडणारा तंतूंचा एक जाड पट्टा असतो, तो हिच्यात झालाच नाय. ज्ञानेश्वरीनं विचारलं, का नाय झाला? ते म्हणले, पोटात असताना पेशींचे तंतू जिथं जायचे तिथं पोचले नाईत. त्याच घडीला मला तू आठवली. बापू गेले तवा तू अंगणात बसून सांगत होतीस, मेंदूच्या पेशीला तंतू कसा फुटतो ते तू रोज बघतीस म्हणून. कुणी ध्यान दिलं नव्हतं. मी दिलं होतं.

त्याच दिवशी आम्ही तुझ्या विद्यापीठाच्या फाटकापर्यंत आलो होतो. वॉचमननं विचारलं, किसको मिलना है? तुझं नाव 'सु'वरून सुरू होतं. मी सु-सु करत उभा राहिलो. मागं गाड्या हॉर्न द्यायला लागल्या, तो म्हणला, बाजू हो जाओ चाचा. ज्ञानेश्वरी पोरीला घेऊन लांब लिंबाच्या सावलीत बसली होती. मी माघारी जाऊन तिला सांगितलं, सुकेशनी रजेवर हाय.

बापूच्या तिसऱ्याला तू निघून गेलीस, त्याचा राग मी धरला होता. तो आता बाजूला ठेवतो. रिपोर्टची झेरॉक्स सोबत घातलीय. हिच्यात काय करता येतं तेवढं लिही.

बिभीषण


बेगमपुरा, छत्रपती संभाजीनगर
२१ जून २०२४

प्रिय दादा,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, मग खाली बसून परत वाचलं. तू फाटकापर्यंत आला होतास आणि मी आत, चारशे पावलांवर होते. रजेवर नव्हते. मी रजा घेतच नाही.

रिपोर्ट पाहिला. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. मी काय करते ते तुला नीट सांगते, कारण विचारलंस ते पहिल्यांदाच.

उंदराच्या न जन्मलेल्या पिलांच्या मेंदूतल्या पेशी आम्ही काचेच्या चकतीवर वाढवतो. सुरुवातीला पेशी गोल असते. मग तिला चार-पाच कोंब फुटतात, सगळे सारख्याच लांबीचे. जरा पुढे जातात, जरा मागे येतात. अर्धा-एक दिवस असाच जातो आणि त्यातला कुठला मोठा होणार ते कुणालाही सांगता येत नाही. मग एका कोंबाच्या टोकाशी काही प्रोटीनं जमायला लागतात. प्रोटीन म्हणजे डाळीतलं म्हणतो तेवढंच नाही. पेशीच्या आत हजारो तऱ्हेची प्रोटीनं असतात आणि पेशीचं सगळं काम तीच करतात. काही त्या टोकाजवळची जाळी सैल करतात, काही आतल्या बारीक नळ्या घट्ट करतात, काही त्या नळ्यांवरून माल वाहून नेतात. जिथं ती जास्त जमली तो कोंब धावत सुटतो. तो लांब तंतू, बातमी पुढे नेणारा. बाकीचे आखूड राहतात, त्यांना फांद्या फुटतात, ते बातमी घेतात. पेशीला पुढं कुठलं आणि मागं कुठलं हे तिथं ठरतं.

त्यातल्या एका प्रोटीनवर मी सहा वर्षं काम करते आहे. ते काढून घेतलं की सगळे कोंब आखूडच राहतात. परत घातलं की एक धावतो. दादा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

रूपात असंच एखादं प्रोटीन बिघडलेलं असू शकतं. कदाचित माझंच असेल. तिचं, तुझं आणि वहिनीचं रक्त तपासलं तर कळेल. दवाखान्यात अमृता मॅडम म्हणून जनुकांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याशी मी बोलले. पुढच्या महिन्यात तिघं या. आमची लॅब मोठी आहे, माणसं भरपूर आहेत, सगळे मदत करतील. काळजी करू नको.

आईला सांग, मी जेवते वेळेवर.

सुकेशनी


वाडी
९ ऑगस्ट २०२४

सुके,

रक्त देऊन आलो. तू दवाखान्यात भेटलीस ते बरं वाटलं, पण दहा मिनिटंच थांबलीस. तुझं काम हाय, समजतं. वाळलीस लई. रूपानं तुझी ओढणी धरली होती मुठीत, डाव्या हाताच्या. ज्ञानेश्वरी म्हणती, आत्याला वळखलं.

तुझं पत्र मी मंदिरापुढं चार माणसांत वाचायला दिलं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. 'परत घातलं की एक धावतो' हे त्यांनी दोनदा वाचलं. आई पदर तोंडाला लावून बसली होती. सगळे म्हणले, मल्हाररावाच्या पोरीनं नाव काढलं, मेंढरामागं फिरणाऱ्याची पोर मेंदूचं औषध काढायली.

आता एवढंच लिही, की औषध तयार व्हायला किती दिवस लागतील. दिवाळीनंतर मी मेंढरं घेऊन खाली जळगावच्या अंगाला कापसाच्या पराटीच्या रानात जातो, तवा घरी नसतो. औषध त्याच्या आधी आलं तर बरं. सुई असली तरी चालंल. पोरीला आता उगं त्रास नको म्हणून मी बाकीचं सगळं थांबवलंय. लई रडती हो ती. आता रडायचं काही कारण नाय.

बिभीषण


बेगमपुरा
१८ सप्टेंबर २०२४

दादा,

उत्तराला उशीर झाला. कामाची गडबड होती.

रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, चार-सहा महिनेही. औषधाचं एवढ्यात काही सांगता येणार नाही. आधी कळू दे काय आहे ते. धीर धर.

आज एक पेशी फार छान वाढली. तिचा तंतू चकतीच्या पार कडेपर्यंत गेला आणि तिथून वळला. पलीकडं दुसरी पेशी नव्हतीच. मी बराच वेळ बघत होते. कुणाला दाखवावं असं वाटलं.

आईला नमस्कार. रूपाला पापा.

सुकेशनी


वाडी
१ डिसेंबर २०२४

सुकेशनीताईंना ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

मी पत्र लिहिलं हे घरात माहीत नाही. फोन केला असता, पण भिंती पातळ आहेत आणि सासूबाई दिवसभर ओट्यावरच असतात. हे मेंढरं घेऊन खाली गेलेत.

ताई, तुम्हाला एक विचारते, खरं सांगा. औषध आहे का?

सोयगावच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी निशाताई येतात, लेकरांचा व्यायाम घ्यायला. रूपाला मी उन्हाळ्यापासून नेत होते. पाय ताणायचे, मूठ उघडून हातात वाटी द्यायची, उशीच्या आधारानं बसवायचं. ती रडायची, पण पोळ्याच्या सुमाराला एका हातावर टेकून बसायला लागेल असं निशाताई म्हणायच्या. तुमचं पत्र आलं आणि यांनी ते बंद केलं. म्हणाले, माझी बहीण औषध करायली, पोरीला कशाला छळायचं. तेव्हापासून चार महिने नेलं नाही. मी भांडले, पण तुमचं पत्र सगळ्या गावानं ऐकलं होतं. माझं कोण ऐकणार? गेल्या मंगळवारी मी गुपचूप नेलं. निशाताईंनी पाय हातात घेऊन टाच दाबून बघितली. उजवी टाच आखडलीय. आता खाली टेकत नाही.

दुसरं असं, की सासूबाई मला बोलतात. गरोदरपणी मी ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून तंतू तुटले, असं आल्या-गेल्याला सांगतात. रूपाला त्या मांडीवर घेत नाहीत. हे मी सोसते. पण यांचं मला बघवत नाही. एकदा दुपारी लेकराजवळ बसून म्हणत होते, अडकत-अडकत, माझ्या जिभेतलं तुझ्या डोक्यात गेलं गं बाई. मी दाराआड होते. मला बघितलं नाही त्यांनी.

तुम्ही शिकलेल्या आहात. नसेल औषध तर नाही म्हणा. आम्हाला तेवढं तरी कळू द्या.

ज्ञानेश्वरी


बेगमपुरा
६ डिसेंबर २०२४

दादा,

हे पत्र अजिंठ्याच्या स्टँडवरच्या दुकानात तुझ्या नावानं ठेवायला सांगितलंय, तू बाजाराला येतोस तिथं. ते तू एकट्यानं वाच.

औषध नाही. मी करत नाही, माझ्या माहितीत कुणीही करत नाही. मी परत घातलं आणि तंतू धावला, ते उंदराच्या एका पेशीत, काचेवर, तिच्या वयाच्या पहिल्याच दिवशी. रूपाच्या मेंदूत ते तंतू ओलांडून जायची वेळ वहिनीच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात होती. ती वेळ गेली. ती परत आणता येत नाही. पट्टा आता तयार होणार नाही.

व्यायाम मात्र खरा आहे. मेंदू दुसऱ्या वाटांनी शिकतो, पट्टा नसलेली काही मुलं बसतात, चालतात, बोलतातही. रूपा किती शिकेल ते मला सांगता येत नाही. पण ते रोजच्या ताणण्यातून, रडण्यातूनच होईल. मंगळवार चुकवू नको. तू व्यायाम थांबवलास तो माझ्या पत्रामुळं. ऑगस्टात तू 'औषध' लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं तू काय समजलास. त्याच दिवशी लिहायला हवं होतं. सव्वा महिना पत्र टेबलावर ठेवलं आणि मग 'एवढ्यात सांगता येणार नाही' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण खोट्याच्याच कामाचं होतं.

का केलं ते सांगते. ते कारण म्हणून धरू नको.

लॅब मोठी नाही. सर मागच्या वर्षी निवृत्त झाले. बाकीच्या मुली नोकऱ्यांना लागल्या, एक परदेशी गेली. आता या खोलीत मी एकटी आहे. मार्चपासून खोली दुसऱ्या विभागाला जाणार. कधी कधी सोमवार ते शनिवार मी चहावाल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. रविवारीही येते, कारण पेशींचं पाणी बदलावं लागतं आणि खोलीवर तरी काय करू? बापूंच्या तिसऱ्याला मी निघून आले ते त्या पेशींसाठीच. आले तेव्हा त्या मेलेल्याच होत्या. हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि मग तुझं पत्र आलं, की सगळ्या गावानं माझी ओळ दोनदा ऐकली. दादा, माझी ओळ कधी कुणी दोनदा ऐकलेली नाही. मला ते सोडवेना.

तुला काय वाटतंय ते लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

सुकेशनी


अजिंठा
११ जानेवारी २०२५

पत्र मिळालं.

बिभीषण


बेगमपुरा
२ मार्च २०२५

दादा,

तुझी दोन शब्दांची चिठ्ठी मी कपाटात ठेवलीय. त्यानंतर तीन पत्रं लिहिली आणि फाडली. आजचं टाकते, कारण आजच्या पत्रात माझं काही नाही, तुमचं आहे.

रक्ताचा रिपोर्ट आला. वहिनीनं फोनवर हो म्हटलं म्हणून अमृता मॅडमनी मला समोर बसवून दाखवला. तुम्हाला त्या सविस्तर सांगतीलच, पण मला वाटलं, हे तुझ्या हातात कागदावर असावं, कुणालाही दाखवता येईल असं.

पेशीतल्या नळ्यांवरून माल टोकाकडं नेणारी काही प्रोटीनं असतात, असं मी लिहिलं होतं. त्यातलं एक प्रोटीन रूपाच्या शरीरात नीट बनत नाही. ते बनवायची जी लिहिलेली कृती असते, तिच्यात एक अक्षर बदललंय. फक्त एक. त्यामुळं तंतू निघाले, पण त्यांना पुढं ढकलणारा माल टोकाला पुरेसा पोचला नाही आणि ते मधली रेघ ओलांडू शकले नाहीत.

आता हे नीट वाच. ते बदललेलं अक्षर तुझ्या रक्तात नाही. वहिनीच्याही नाही. दोघांचं रक्त तपासलंय आणि दोघांत ते बरोबर आहे. हा बदल रूपापासूनच सुरू झाला, जीव धरताना, कृतीची नक्कल होताना. असं कुणाच्याही बाबतीत होतं. ग्रहणानं होत नाही, विळीनं होत नाही, खाण्यानं, चालण्यानं, पापानं होत नाही. आणि बोलताना अडकण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तुझी जीभ तुझ्यापाशीच आहे. ती तिच्या डोक्यात गेलेली नाही. हे कुणाकडूनच आलेलं नाही. पुढच्या बाळाला होण्याची शक्यताही फार कमी, ते मॅडम सांगतील.

एक माझं लिहिते, नाहीतर परत लपवल्यासारखं होईल. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी आधी माझ्या प्रोटीनचं नाव शोधलं. ते नव्हतं. दुसरंच होतं. आणि क्षणभर मला वाईट वाटलं. रूपासाठी नाही, माझ्यासाठी. मग लाज वाटली. सहा वर्षं एकाच गोष्टीकडं बघून माणूस असं होतं, दादा. मी तशी झाले होते, आणि मला सांगायलाही कुणी नव्हतं.

परवा खोली रिकामी करून दिली. कालपासून मी एका कॉलेजात शिकवते, अकरावीच्या मुलांना. वर्गात सत्तर जणं आहेत. अजून कुणाचं नाव माहीत नाही.

सुकेशनी


वाडी
२७ एप्रिल २०२५

सुकेशनी,

तीन महिने मी तुला लिहिलं नाय, कारण जे लिहायचो ते वाईट निघायचं. पराटीच्या रानात मेंढरं बसवून मी दिवसभर तुझ्याशी मनात भांडायचो. मनात भांडताना मी अडकत नाय, त्यामुळं लई भांडलो. मग एक दिवस ध्यानात आलं, व्यायाम तू नाय, मी थांबवला. मला पोरीचं रडणं ऐकवत नव्हतं, आन् तुझं पत्र मला निमित्त झालं. माफ केलं असं लिहिणार होतो. पण मग मला कोण करणार? म्हणून नाय लिहीत. दोघांचं दोघांपाशी राहू दे.

दुकानात ठेवलेलं तुझं पत्र वाचून डिसेंबरातच मी रान सोडून दोन दिवस घरी आलो होतो आन् मंगळवार परत चालू केले. आता मीच नेतो. निशाताईनं मला पाय ताणायचं शिकवलं. टाच थोडी खाली आलीय, पूर्ण येईल असं त्या म्हणत नाईत. गेलेले चार महिने वापस मिळत नसतात, एवढंच म्हणल्या. मी ऐकून घेतलं.

तुझं मार्चचं पत्र मास्तरांना दिलं नाय. मंदिरापुढंही नेलं नाय. घरातच, आई, ज्ञानेश्वरी आन् रूपा, तिघींपुढं मी सोता वाचलं. लई वेळ लागला. 'कुणाकडूनच' या शब्दावर तर मी इतका थांबलो, की रूपा माझ्या तोंडाकडं बघून हसायला लागली. कुणी मला पुढचं सांगितलं नाय. वाचून झाल्यावर ज्ञानेश्वरी उठून चुलीकडं गेली आन् तिथं पाठ करून उभी राहिली. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घालून आलो तर पोरगी आईच्या मांडीवर होती. आई तिची मूठ एक एक बोट करून उघडत होती. मला बघून म्हणली, 'काय बघायलास? ताणायची असती ना ही?'

ती ज्ञानेश्वरीला अजून काही बोलली नाय. माफी मागणारी बाई ती नव्हं. पण ग्रहणाचं बोलणं बंद झालंय.

रूपा परवा एका हातावर टेकून बसली. किती वेळ म्हणशील तर मी दहा मोजले असतील. मग कलली. परत बसवली तर नाय बसली. रोज होत नाय ते.

आन् तू एकटी राहतीस हे आम्हाला कधी सांगितलं नाय. आम्हाला वाटायचं, शहरात माणसं भरपूर असतात. आई दोन दिवस तेच विचारायली, ती चहावाल्याशिवाय कुणाशीच बोलत नाय का म्हणून. मी तुझं ते पत्र तिला वाचून दाखवलं नव्हतं, नुसतं एवढं सांगितलं. मी म्हणालो, आता वर्गात सत्तर पोरं हाईत. ती म्हणली, पोरं काय कामाची, ती घंटा झाली की घरी जातात.

मे महिन्यात रूपाला तपासणीला आणायचंय. दवाखान्यात चार दिवस जावं लागंल. लॉजवर आम्ही राहणार नाय. तुझ्या खोलीचा पत्ता नीट लिहून धाड, कुठल्या बोळीत, कितवा मजला. आई पण येते म्हणती. अंथरूण आम्ही आणतो. रूपाला पलंगावर झोपवता येत नाय, ती घसरती. तिला जमीन लागती, आन् एका बाजूला भिंत. तेवढी जागा मोकळी करून ठेव.

बिभीषण